क्लचची ढील

सासऱ्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांची जुनी मोटरसायकल सुनेकडे आली. कुणी समारंभाने किल्ली हातात ठेवली असं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांचं चालणं हळूहळू सुधारलं. बोलणं तर बिघडलंच नव्हतं, आणि सासूबाईंच्या मते नेमकं तेवढंच थोडं बिघडायला हरकत नव्हती. मागे राहिला तो डावा हात. मूठ मिटायला घेतली की अर्ध्यावर अडायची. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. ज्या माणसाचा उभा जन्म बसच्या स्टिअरिंगमागे गेला, त्याला हे सांगायचं म्हणजे माशाला पाण्यापासून लांब राहा म्हणण्यासारखं होतं. पण सासरे वाद घालत बसले नाहीत. घरी आल्यावर जेवता जेवता सुनेला म्हणाले, "तूच वापर आता. उभी राहिली तर गंजून जाईल."

सुनेला तशी गरजही होती. ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी उजाडता उजाडता निघायचं, उपाशीपोटी थांबलेल्या लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्या थंड पेटीत ठेवायच्या आणि पेटी लॅबमध्ये पोचवायची. लॅब होती टेकाडावर, मोठ्या चढाच्या टोकाला. लग्न होऊन आली तेव्हा तिला फक्त सायकल येत होती. मोटरसायकल सासऱ्यांनीच शिकवली. "क्लच सोडायचा कसा, तर झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढतो तसा," असं ते सांगायचे. ते वाक्य तिच्या हातात इतकं भिनलं होतं की तिच्या गाडीने कधी धक्का म्हणून खाल्ला नाही.

असं असूनही एक दिवस गाडी चढावर रुसली. तिने गिअर उतरवला, मूठ पिळली, इंजिन जिवाच्या आकांताने ओरडलं, पण गाडी मात्र मुंगीच्या पावलांनी चालली. वर पोचली तेव्हा जळक्या वासाने नाक भरून गेलं होतं.

काम संपवून ती तशीच बारीक मिस्त्रीकडे गेली. हे नाव त्याला कुणी दिलं देव जाणे. माणूस एवढा ऐसपैस की मोटरसायकलशेजारी बसला की मोटरसायकल दिसेनाशी व्हायची. त्याने क्लचची लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून टॉक् केलं.

"ताई, ढील कुठाय हिला?"

"म्हणजे?"

"हे बघा. लिव्हर दाबायला घेतली की सुरुवातीला ती जराशी फुकट हलली पाहिजे. वायर ताणली जायच्या आधी. ही थोडी ढील ठेवावीच लागते. ती नसली तर तुम्ही लिव्हर पूर्ण सोडली तरी आतला क्लच थोडा दाबलेलाच राहतो. प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत, घसरतात. इंजिन ओरडतं आणि चाक ऐकत नाही."

लिव्हरपाशी बोटांनी फिरवायची एक खाचांची चकती होती. ती त्याने फिरवली, ढील दिली, आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चढ चढू लागली. घरी तिने ही हकीकत सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हणजे आमचंच घर की. मी ओरडते आणि हे ऐकत नाहीत." सगळे हसले. सासरेही हसले, पण पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावत.

आठवडा उलटला नाही तोच पुन्हा तेच. इंजिनाची ओरड, जळका वास, आणि लिव्हरला ढील नावाला नाही. मिस्त्रीने वायर बदलली, ऑइल बदललं. पुन्हा काही दिवस बरे गेले. पुन्हा घसरण. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा मिस्त्रीच्या कपाळावर आठ्या होत्या.

"राग मानू नका ताई, पण तुम्ही क्लचवर बोटं ठेवून गाडी चालवता का? काहींना सवय असते."

"मला तशी सवय नाही."

"नाही, म्हणजे आपल्याला कळत नाही, पण हात जातो..."

"नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही ढील देता आणि आठवड्यात ती जाते. एकतर तुमचं काम कच्चं आहे, नाहीतर तुम्ही मुद्दाम कच्चं ठेवता."

मिस्त्री हातातलं फडकं झटकून उभा राहिला. त्याने पुन्हा चकती फिरवून दिली, आणि ती निघाली तेव्हा नेहमीसारखं "सावकाश जा" म्हणाला नाही.

घरी नवऱ्याने एका वाक्यात निकाल लावला. "विकून टाक ती डबडी. स्कूटर घे. ना क्लच, ना कटकट."

"विकायची नाही," सासरे म्हणाले. इतक्या पटकन, की सगळ्यांनीच त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज उतरवला. "मशीन आहे. कधी रुसते. मिस्त्रीही वाईट माणूस नाही आणि तूही चांगली चालवतेस. होईल ठीक."

पण ठीक होईना. एका सकाळी पेटी भरलेली असताना गाडीने अर्ध्या चढावर हात टेकले. सुनेने उतरून ढकलली. ऊन वर आलं होतं. घाम पुसत, थांबत, पुन्हा ढकलत ती लॅबमध्ये पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. सगळे नमुने वाया गेले नाहीत, पण ज्या दोन-तीन तपासण्यांना वेळेचं बंधन होतं, त्यांचे गेले. त्यात एका म्हाताऱ्या आजींचा नमुना होता. आजींच्या शिरा धाग्यासारख्या बारीक. सापडायच्या नाहीत, सापडल्या तर सुईखालून निसटायच्या. त्या सकाळीही तिने दोनदा टोचून, हात चोळून, गप्पा मारून मोठ्या मुश्किलीने रक्त मिळवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिली.

"काय गं, कालचं पुरलं नाही? प्यायलीस की काय?" आजी म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी स्वतःच बाही वर सारली. कोपरापाशी कालचा निळा डाग होता. सुनेला सुई उघडताना स्वतःचीच लाज वाटली.

तिथून निघाली ती थेट मिस्त्रीकडे. या वेळी भांडायला नाही. भांडण्याएवढं बळच उरलं नव्हतं. तिने आजींच्या हाताबद्दल सांगितलं. मिस्त्री स्टूलावर बसून ऐकत राहिला. मग उठला, हत्यारांच्या डब्यात खोल हात घालून त्याने लाल नखपॉलिशची बाटली काढली.

"हे काय?"

"बायकोचं आहे. तिला माहीत नाही." त्याने ढील नीट ठेवली, चकती घट्ट केली आणि चकती नि लिव्हरच्या सांध्यावर लाल पॉलिशचा एक ठिपका दिला. "आता ही आपणहून हलली तर मी दोषी, काम माझं कच्चं. पण कंपनाने हललेली चकती सैल सुटते ताई, घट्ट होत नाही. ही दर वेळी ताणाच्या बाजूला गेलेली असते. माझ्या डोक्यात ते आधी यायला हवं होतं. तेव्हा हा ठिपका फुटलेला दिसला, तर समजा की कुणाचा तरी हात लागलाय."

दोन दिवस ठिपका शाबूत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढताना तिने पाहिलं: ठिपक्याचे दोन तुकडे झाले होते. एक चकतीवर, एक लिव्हरवर, आणि मध्ये बोटभर अंतर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी तिची गत झाली. गाडी जिन्याखाली असायची. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला. नवरा सकाळी तिच्याही आधी कारखान्यात जायचा. सासूबाईंना मोटरसायकलचं पुढचं टोक कुठलं तेही सांगता आलं नसतं. उरलं कोण? मन मानायला तयार नव्हतं, कारण त्या माणसाच्या डाव्या हातात तिने चमचासुद्धा टिकताना पाहिला नव्हता.

पहाटे उठावं लागायचं म्हणून ती दुपारी जेवल्यावर गाढ झोपायची. त्या दुपारी ती डोळे मिटून नुसती पडून राहिली. घर शांत झालं. थोड्या वेळाने खिळ्यावरची किल्ली वाजली. दार हळूच लागलं. तिने खिडकीतून पाहिलं तर सासरे गाडी सुरू न करता, उजव्या हाताने धरून, छातीने रेटत गल्लीच्या तोंडापर्यंत नेत होते. आवाज होऊ नये म्हणून. तिथे पोचल्यावर त्यांनी किक मारली.

ती चपला अडकवून मागे गेली. पाण्याच्या टाकीमागे एक रस्ता होता, पुढे कुंपणापाशी संपणारा. तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. ती टाकीच्या खांबाआड उभी राहिली.

सासरे गाडी चालवत होते. पाठ ताठ, मान सरळ, जणू मागे बसभर माणसं बसली आहेत. पहिला गिअर पडला. दुसरा पडताना कर्रकन आवाज झाला आणि तिचे दात आंबले. कुंपणापाशी त्यांनी मोठं वळण घेतलं, परत आले, पुन्हा गेले. चेहरा तिला लांबून नीट दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. दवाखान्यातून आल्यापासून ते खांदे एवढे मोकळे तिने पाहिले नव्हते.

मग ते थांबू लागले, आणि न्यूट्रल सापडेना. पायाने गिअर वर, खाली, वर. डाव्या हाताने लिव्हर धरून ठेवायचा आटापिटा चालला होता. बोटं पुरती मिटत नव्हती. अखेर बोटं सुटली, गाडीने गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. ते पडता पडता सावरले. तिच्या तोंडून हाक निघणारच होती, ती तिने गिळली.

सासरे उतरले. स्टँड लावला. उजव्या हाताने डावा हात चोळला. मग वाकून त्यांनी ती खाचांची चकती उलटी फिरवली, डाव्या बोटांनी लिव्हर चाचपली, अजून जराशी फिरवली, पुन्हा चाचपली आणि समाधानाने मान हलवली.

ती खांबाआडून बाहेर आली. "बाबा."

ते दचकले. मग चोरी पकडलेल्या पोरासारखे न वागता सरळ उभे राहिले. "झोपली नाहीस?"

"तुम्ही पडला असता म्हणजे?"

"पडलो नाही."

"आत्ता पडत होतात. मी पाहिलं."

ते लिव्हरकडे बोट करून म्हणाले, "ढील असली की मला क्लच पुरता दाबता येत नाही. हात तेवढा मिटत नाही. गिअर ओरडतो. म्हणून ताणून घेतो, मग थोडं दाबलं तरी काम होतं. पण मी जाताना परत तुझ्यापुरती ढील ठेवून जातो. दर वेळी. न चुकता. मला काय कळत नाही? तुझा क्लच घसरतो तो माझ्यामुळे नाही."

तिने पुढे होऊन लिव्हर दोन बोटांनी हलवली. जराही फुकट हलली नाही. वायर ताठ होती.

"बाबा, आत्ता ढील आहे?"

"आहे की. आत्ता तर ठेवली."

"उजव्या हाताने बघा."

"त्याने काय होणार?"

"बघा ना."

गाडीला वळसा घालून ते पलीकडून आले. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी लिव्हरवर ठेवली, मागेपुढे केली. पुन्हा केली. मग डावी बोटं तिथेच ठेवून पाहिली. मग पुन्हा उजवी. वाऱ्याने कुंपणाची जाळी वाजत होती.

"डावा मला खोटंच सांगतोय म्हणायचं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं नुसती ताकद गेली. हाताला काही कळेनासंही झालंय, हे मला... कुणी सांगितलं नाही."

डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती तिथेच होती. पण त्या दिवशी त्यांना इतकं काही सांगितलं गेलं होतं की हे त्यात वाहून गेलं असणार.

"जेवताना सांगत होतीस, त्या आजींना परत टोचलंस. ते माझ्यामुळे."

तिला "नाही हो" म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण ज्या माणसाने तिला खोटं न बोलता शिकवलं, चुकली तर चुकली म्हटलं, त्याला खोटा दिलासा देणं तिच्या जिवावर आलं.

"हो," ती म्हणाली. "आणि मी मिस्त्रीला चोर ठरवलं."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," सासरे म्हणाले आणि त्यांच्या ओठाचा कोपरा थरथरला. हसू होतं की दुसरं काही, तिला कळलं नाही. तिने त्यांच्या कोपराखाली हात घातला.

मग तिने चकती फिरवून ढील दिली आणि गाडी सुरू केली. "बसा."

सासरे मागच्या सीटकडे पाहत राहिले. या गाडीवर ते मागे कधी बसलेच नव्हते. "पाय कुठे ठेवायचे?" त्यांनी विचारलं. तिने वाकून मागची पायदानं उघडून दिली.

मिस्त्रीकडे पोचल्यावर तिने आधी माफी मागितली. मिस्त्रीने फडक्याने हात पुसत ती अर्ध्यातच थांबवली. "मी तरी कुठे गप्प बसलो? मीही तुमच्या हाताला दोष दिलाच की." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "काय ड्रायव्हरसाहेब, मला बोलला असतात तर?"

"बोलायला तोंड होतं कुठे?"

क्लच उघडला तेव्हा प्लेटा काळ्या निळ्या पडल्या होत्या. सासऱ्यांनी एक हातात घेतली, वास घेतला आणि हळूच खाली ठेवली. मिस्त्री नव्या प्लेटा बसवू लागला. मध्येच त्याने विचारलं, "हाताला व्यायाम काय दिलाय?"

"रबरी चेंडू. दाबायचा म्हणे," सून म्हणाली. "कपाटात पडलाय."

"मी काय पाळण्यातला आहे चेंडूशी खेळायला?" सासरे गुरगुरले. "गाडीवर बसलो की हात आपोआप चालतो, म्हणून तर जात होतो. तोच माझा व्यायाम."

मिस्त्री त्यांच्याकडे पाहत राहिला. मग उठून मागच्या भंगारात गेला. बरीच खडखड झाली. परत आला तो एका मोडक्या मोटरसायकलच्या हँडलचा डावा तुकडा घेऊन. त्यावर मूठ, लिव्हर, वायर, सगळं शाबूत. वायरच्या दुसऱ्या टोकाला त्याने एक लेचीपेची स्प्रिंग अडकवली. "हे गॅलरीच्या कठड्याला आवळा. स्प्रिंग खालच्या गजाला. दाबत बसा. हलकी वाटली की यापेक्षा कडक देतो. माझ्याकडे स्प्रिंगांना तोटा नाही."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" सून उडालीच.

"दुपारचे जातात ते. मी काय खरी झोपते? पण परत आले की दोन घास जास्त जेवायचे. म्हटलं जाऊ देत. तुझ्या गाडीला त्रास होतोय हे मला कुठून कळणार? मला वाटलं गल्लीच्या टोकाला गाडी पुसत बसतात."

सुनेला आधी राग आला. मग तिने सासूबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

सासरे पुन्हा गाडीवर बसले नाहीत. किल्ली त्याच खिळ्याला राहिली. लपवायची कुणाला गरज वाटली नाही. पहिले काही दिवस दुपार झाली की ते दारापर्यंत जाऊन परत यायचे. ते बघवत नसे. एकदा सुनेने रबरी चेंडू पुढे केला, तर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो मुकाट्याने परत ठेवला. पण गॅलरीतली लिव्हर त्यांनी धरली. आधी रागारागाने, मग सवयीने. सून शेजारी बसून त्यांच्या डाव्या बोटांना आळीपाळीने खरखरीत फडकं, लोकर, थंड चमचा लावायची आणि डोळे मिटून ओळखायला सांगायची. ते बहुतेक वेळा चुकायचे. चुकले की शिव्या हासडायचे, आणि त्यासाठी सासूबाई आतून ओरडायच्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मूठ बघितली, सुई हळूच टेकवून बघितली. फरक आहे म्हणाले. करंगळीपाशी संवेदना परत येतेय. गाडीचं मात्र विचारू नका. सासऱ्यांनी विचारलंही नाही. त्यांनी शर्टाच्या गुंड्यांचं विचारलं; लावता येतील का म्हणून. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करा. घरी येऊन त्यांनी वरची एक गुंडी लावली, तिरकी, चुकीच्या काजात. ती कुणी सोडवली नाही.

मिस्त्री मधूनमधून यायचा, बसल्या बसल्या गॅलरीची फरशी भरून टाकायचा आणि खिशातून नवी स्प्रिंग काढायचा. एकदा शेजारची बाई सहज डोकावली. तिचा हात मोडून प्लास्टर नुकतंच निघालेलं, मनगट ताठलेलं. "मी दाबून बघू का?" म्हणाली. सासऱ्यांनी तिला मूठ कशी धरायची ते दाखवलं, अंगठा कुठे, बोटं कुठे, घाई का करायची नाही, सगळं. ती दुसऱ्या दिवशी तिच्या दिराला घेऊन आली. त्याच्या कोपरात कळ यायची. मग वरच्या मजल्यावरचे एक आजोबा आले.

हळूहळू संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या कमी पडायला लागल्या. सासरे मधल्या खुर्चीत बसून एकेकाला "हं, सोड आता, सावकाश, सावकाश" म्हणत असायचे. सासूबाई आतून चहाचे कप मोजता मोजता सुनेला म्हणाल्या, "यांची बस सुटली एकदाची म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता. आता बघ, घरातच बसथांबा झालाय."